घरचा कॉम्प्युटर लॉक झालाय? फॉर्मॅट मारू देण्याआधी हे करा

जूनमधली गोष्ट. नागपुरात पहिला वादळी पाऊस आला, संध्याकाळपासून तीनदा लाइन गेली आणि बाबांचा कॉम्प्युटर अपडेट होता होता मध्येच बंद पडला. रात्री लाइन आल्यावर बाबांनी बटण दाबलं, तर पिनची नेहमीची चौकट आलीच नाही. नुसता निळा पडदा, आणि त्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागणारा इंग्रजी मजकूर.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दुकानातला मुलगा घरी आला. पाच मिनिटं पाहून म्हणाला, "काका, याले फॉर्मॅटच मारा लागते. दोन घंट्यात देतो."

बाबांनी विचारलं, "अन् फोटो?"

"फोटो गेले समजा."

त्या मशीनमध्ये आईचे अकरा वर्षांचे फोटो आहेत. आई आता नाही. पुतण्याच्या ऍडमिशनसाठी स्कॅन करून ठेवलेले उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, टीसी हेही सगळं त्यातच होतं. बाबांनी त्या मुलाला चहा पाजून परत पाठवलं आणि मला फोन केला. त्यानंतर चार दिवस लागले, पण कॉम्प्युटर उघडला आणि एकही फाइल गेली नाही. त्या चार दिवसांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आमच्यासारख्या बहुतेक घरांत विंडोज १० किंवा ११ असतं, म्हणून सगळं त्याच हिशेबाने आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे आपल्या स्वतःच्या किंवा घरच्या सामाईक कॉम्प्युटरसाठी आहे. सज्ञान माणसाचं खातं, मग तो सख्खा भाऊ का असेना, त्याला विचारल्याशिवाय उघडू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं गुन्हा ठरू शकतो, आणि घरातल्या घरात मनं दुखावतात ते वेगळंच.

१. हात थांबवा, फोटो काढा

पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. पूर्ण पडद्याचा, खालच्या बारीक अक्षरांसकट. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच फोटो कामी येतो.

मग अंदाजाने पासवर्ड टाकणं बंद करा. घरातला प्रत्येक जण येऊन "मी बघतो" म्हणत दोन-दोन पासवर्ड टाकतो आणि कुलूप आणखी घट्ट होतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं. पिन बरेचदा चुकला तर मशीन ए-१-बी-२-सी-३ अशी अक्षरं टाइप करायला लावतं आणि त्यानंतर रिस्टार्ट मागतं. असं झालं तर घाबरू नका. मशीन बंद करा, जेवून घ्या, मग बसा.

तीन बटणं या टप्प्यावर कोणीही दाबायची नाहीत. 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि बायॉसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) 'क्लिअर टीपीएम'. पहिल्या दोघांनी फाइली जाऊ शकतात. तिसऱ्याने मशीनच्या पोटात, टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात, जपून ठेवलेली किल्लीच पुसली जाते. काही मशीन सुरू होतानाच काळ्या पडद्यावर 'एफटीपीएम रिसेट करू का, वाय की एन' असं विचारतात. तिथे एन दाबा.

२. कुलूप कोणतं ते ओळखा

सगळा गोंधळ इथेच होतो. दुकानदाराला आपण "लॉक झालाय" एवढंच सांगतो, आणि तो सगळ्या कुलपांवर एकच औषध देतो. कुलपं मात्र चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या जागी असते.

- पिन: चार-सहा आकड्यांचा, फक्त त्याच मशीनपुरता. चौकटीखाली 'आय फरगॉट माय पिन' असं लिहिलेलं असतं.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड: हे खातं एका ईमेलला बांधलेलं असतं. बऱ्याच मशीनवर नावाखाली तो ईमेल दिसतो.
- लोकल खात्याचा पासवर्ड: ईमेल नाही, इंटरनेटशी संबंध नाही. नुसतं 'होम' किंवा 'युजर' असं नाव असतं.
- बिटलॉकर: विंडोज सुरू होण्याच्या आधीच येणारा निळा पडदा, ४८ आकडे मागणारा. हे डिस्कचं कुलूप आहे, माणसाच्या खात्याचं नाही.

पाचवंही एक आहे, कंपनीचा लोगो येतो तिथेच पासवर्ड मागणारं बायॉसचं कुलूप. घरगुती मशीनवर ते क्वचितच असतं. ते असेल तर बिल आणि ओळखपत्र घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा, घरी प्रयोग करू नका.

३. आधी कीबोर्ड तपासा

ही पायरी वगळू नका, कारण कितीतरी वेळा पासवर्ड बरोबरच असतो. ज्या घरात कोणी मराठी टाइप करतं तिथे कीबोर्ड मराठीवर राहून जातो. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची तीन अक्षरं दिसतात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर आणा. कॅप्स लॉक बघा. बाजूच्या आकड्यांवरून पिन टाकत असाल तर नम लॉकचा दिवा लागलाय का तेही बघा. चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की टाकलेली अक्षरं दिसतात.

४. समोर काय काय घेऊन बसायचं

- कॉम्प्युटरचं मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड, दोन्ही बाजू बघून
- घरातल्या सगळ्यांचे मोबाइल, जुने बंद पडलेलेसुद्धा
- घरातल्या सगळ्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी
- जुन्या डायऱ्या, वह्यांची शेवटची पानं, भिंतीवरचं कॅलेंडर
- घरातले सगळे पेन ड्राइव्ह
- दुसरा चालू कॉम्प्युटर किंवा निदान एक स्मार्टफोन, इंटरनेटसकट
- रिकामा, निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि जमल्यास एक बाहेरची हार्ड डिस्क

डायऱ्या आणि कॅलेंडर उगाच लिहिलेलं नाही. आपल्याकडची पिढी पासवर्ड लिहून ठेवते. गॅसच्या कार्डामागे, पासबुकात, किराण्याच्या वहीत. आमच्याकडे बिल सापडलं ते बाबांच्या लाइट बिलांच्या फायलीत, २०२२ चं. पाठीमागे दुकानदाराने निळ्या पेनाने एक ईमेल आणि त्याखाली पासवर्ड लिहून दिला होता. बाबांनी ते कधी वाचलंच नव्हतं.

५. पिन विसरला असेल तर

हे सगळ्यात सोपं. लॉगिनच्या पडद्यावर आधी इंटरनेट जोडा, खाली उजवीकडे वायफायचं चिन्ह असतं. राउटर बंद असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट चालतं. मग 'आय फरगॉट माय पिन' दाबा, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाका, मोबाइलवर किंवा ईमेलवर आलेला कोड द्या आणि नवा पिन ठेवा. फाइलींना काहीही होत नाही.

पिन नको असेल तर 'साइन-इन ऑप्शन्स'मधल्या किल्लीच्या चिन्हावरून थेट पासवर्डनेही आत जाता येतं.

६. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर

मोबाइलवरून अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश पासवर्ड स्लॅश रिसेट या पानावर जा. ईमेल टाका, कोड कुठे पाठवायचा ते निवडा, नवा पासवर्ड ठेवा. मग लॉक झालेल्या मशीनला इंटरनेट जोडूनच तो टाका. इथे पुष्कळ जण अडकतात. मशीन ऑनलाइन नसेल तर त्याला नवा पासवर्ड कळलेलाच नसतो, ते जुनाच ओळखतं.

कोड जाणारा नंबर आणि ईमेल, दोन्ही हातातून गेले असतील तर मायक्रोसॉफ्टचा खातं परत मिळवण्याचा फॉर्म आहे, अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश ए-सी-एस-आर. त्यात जुने पासवर्ड, ज्यांना ईमेल पाठवले त्यांचे पत्ते, पाठवलेल्या ईमेलचे विषय, जन्मतारीख असं विचारतात. तो नेहमीच्या घरातून, नेहमीच्या इंटरनेटवरून भरा. दिवसातून दोनदा भरता येतो, उत्तर साधारण २४ तासांत तुम्ही दिलेल्या दुसऱ्या ईमेलवर येतं. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर मात्र हा फॉर्म उपयोगी पडत नाही. आणि खात्याची सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलली तर ३० दिवस थांबावं लागतं. ते ३० दिवस चालू असताना पुन्हा पुन्हा छेडछाड करू नका.

७. ओटीपीचा नंबरच बंद पडलाय

रिचार्ज न करता ९० दिवस वापराविना पडलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. सिम नुकतंच बंद पडलं असेल किंवा हरवलं असेल तर ज्याच्या नावावर आहे त्याने आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि त्याच नंबरचं दुसरं सिम घ्यावं.

नवं सिम चालू झाल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी त्याच संध्याकाळी सात-आठ वेळा कोड मागवला. एकही आला नाही, आणि फार विनंत्या झाल्या म्हणून खात्याने पुढचा दिवसही कोड पाठवणं बंद केलं. एक दिवस जाऊ द्या, मग मागवा.

८. खातं दुकानदाराच्या नावाने असेल तर

यावर थोडं जास्त लिहिते, कारण आमची गाठ इथेच होती आणि अशी घरं मी त्यानंतर आणखी पाहिली. नवीन मशीन सुरू करताना विंडोज ११ ईमेल मागतं. घरच्यांकडे ईमेल नसतो किंवा आठवत नाही, आणि दुकानदार घाईत स्वतःच एखादं खातं उघडून देतो. ओटीपीला नंबरही स्वतःचाच देतो. आपण पिन टाकून चार वर्षं मजेत वापरतो, आणि आपल्या घराची मूळ किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

बिलावरचा पासवर्ड आम्ही टाकून पाहिला. तो बरोबर निघाला, पण कोड गेला तो बिलावरच छापलेल्या दुकानाच्या नंबरवर. दुकान बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात होतं, आता त्या जागी मोबाइल कव्हरवाला बसतो. बाबा दोन दिवस तो नंबर लावत राहिले. तिसऱ्या दिवशी उचलला. त्या भल्या माणसाने दुकान बंद करूनही सिम चालू ठेवलं होतं. त्याने आधी बिल नंबर विचारला, मशीनचा सिरियल नंबर विचारला, जुळवून पाहिला आणि मगच मदत केली. तुमचाही दुकानदार असं विचारेल तर रागावू नका, त्याने विचारलंच पाहिजे.

आणखी एक धोका. खातं दुसऱ्याचं असेल आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फाइली ठेवायची जागा) चालू असेल, तर डेस्कटॉपवरच्या फाइली त्याच्या खात्यात चढत असतात. मोफत जागा ५ जीबी असते, त्यात घरचे पुष्कळ कागद मावतात. म्हणून मशीन उघडलं की खातं बदलणं हे पहिलं काम. ते शेवटी सांगते.

९. लोकल खातं असेल तर

विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून लोकल खात्याला तीन सुरक्षा प्रश्न ठेवता येतात. एकदा चुकीचा पासवर्ड टाका, चौकटीखाली 'रिसेट पासवर्ड' येईल. उत्तरं दिली की नवा पासवर्ड ठेवता येतो. उत्तरं आठवत नसतील तर ज्याने ते मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्याला विचारा. पहिल्या शाळेचं नाव त्याच्या शाळेचं असेल, तुमच्या नाही.

त्याच मशीनवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं ऍडमिनिस्ट्रेटर खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं असेल तर त्याला आत जाऊन तुमचा पासवर्ड बदलता येतो. फोटो, कागद जागेवर राहतात. फक्त त्या खात्यात जपलेले पासवर्ड जातात, आणि विंडोजमधून मुद्दाम एन्क्रिप्ट केलेल्या फाइली असतील तर त्या उघडत नाहीत.

दोन्ही नसेल तर विंडोजकडे शेवटचा मार्ग रिसेटचाच आहे. तो दाबण्याआधी पायरी ११ वाचा.

१०. निळा पडदा आणि ४८ आकडे

ही किल्ली तयार होते तेव्हाच कुठेतरी जपली जाते. मायक्रोसॉफ्ट ती पुन्हा बनवून देऊ शकत नाही, दुकानदार तोडू शकत नाही. ती शोधावीच लागते. जागा या क्रमाने बघा: पहिल्यांदा मशीन सुरू करणाऱ्याचं मायक्रोसॉफ्ट खातं, मग घरातल्या बाकी सगळ्यांची खाती, मग पेन ड्राइव्हवर 'बिटलॉकर रिकव्हरी की' नावाची फाइल, मग छापील कागद. मशीनवर कुणी कधी कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं जोडलं असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असू शकते.

खात्यातली किल्ली बघायचं पान आहे, ए-के-ए डॉट एम-एस स्लॅश मायरिकव्हरीकी. मोबाइलवर उघडतं. तिथे एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवा. म्हणूनच पहिल्या पायरीला फोटो काढायला सांगितलं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत कोणत्या खात्यात बघायचं याची ईमेलची खूणही निळ्या पडद्यावर येते.

किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. कीबोर्डचे आकडे चालत नसतील तर एफ१ ते एफ९ ही बटणं १ ते ९ साठी आणि एफ१० शून्यासाठी चालतं.

आमची किल्ली फोनवरून आली. बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते, तीस वर्षं आकडे वाचायचं आणि लिहायचं काम केलेलं. तिकडून दुकानदार एकेक आकडा सांगत होता, बाबा भिंग धरून वहीत मोठ्या चौकोनात लिहीत होते आणि प्रत्येक सहा आकड्यांनंतर "थांबा" म्हणत होते. मी टाइप करत होते. तिसऱ्या गटाला मशीन अडलं. फोनवर 'सात' आणि 'आठ' सारखेच ऐकू येतात, तिथेच काहीतरी चुकलं होतं.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. प्रत्येक सहा आकड्यांच्या गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५ घ्या. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवा, १ + ५ + ९ = १५. दुसरा, चौथा, सहावा मिळवा, ३ + ७ + ५ = १५. दोन बेरजांतला फरक ०, ११ किंवा २२ आला की गट बरोबर असण्याची शक्यता मोठी. तिथे सातऐवजी आठ लिहिला तर दुसरी बेरीज १६ होते, फरक १ येतो, म्हणजे चूक. बाबांनी वहीवरच बेरजा करून आमचा चुकलेला आठ शोधला. सात केल्यावर गट पुढे सरकला.

आठवा गट टाकला आणि खिडकीचं ते निळं चिन्ह आलं. बाबा काहीच बोलले नाहीत. पिन टाकून त्यांनी सगळ्यात आधी आईचा फोल्डर उघडला.

बायॉसची सेटिंग बदलल्यामुळे पडदा आला असेल, म्हणजे दुकानात मशीन साफ करायला दिल्यावर किंवा आतला चपटा सेल संपल्यावर, तर ती सेटिंग पूर्ववत केल्यावर कधीकधी किल्ली न मागताच मशीन सुरू होतं. जाणकाराकडून हे करून घ्यायला हरकत नाही, फक्त 'क्लिअर टीपीएम' नको, हे त्याला तोंडावर सांगा.

११. कुलूप उघडत नसेल तर फाइली आधी बाहेर काढा

ही पायरी फक्त बिटलॉकर नसलेल्या मशीनसाठी. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटू लिनक्स मोफत उतरवून घ्या आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवा. लॉक झालेलं मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, 'ट्राय उबंटू' निवडा. 'इन्स्टॉल' चुकूनही नाही. आता घरची डिस्क नुसत्या फोल्डरसारखी दिसते. 'युजर्स'च्या आत प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर असतो, तिथून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपीच करा, कट करू नका.

हे जमत नसेल तर डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, हे काम दुकानात दहा मिनिटांचं आहे. बिटलॉकर असेल तर डिस्क काढून कुठेही लावा, ती तिथेही किल्लीच मागेल. त्यासाठी पैसे देऊ नका.

१२. दुकानात न्यायचंच असेल तर

बर्डीवर दुरुस्तीची दुकानं खूप आहेत, मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलात तर एकाला लागून एक. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून चालत जाता येतं. मशीन मोठं असेल तर ऑटो करा. स्कूटरवर मांडीवर धरून नेऊ नका, आणि उन्हाळ्यात उभ्या कारमध्ये ठेवून तर मुळीच जाऊ नका. ४५ अंशांच्या दुपारी बंद कार आतून भट्टी होते.

दुकानात सांगायचं वाक्य ठरवून जा: "डेटा पाहिजे. मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट, रिसेट, विंडोज इन्स्टॉल काही करायचं नाही." हे तोंडी पुरत नाही, पावतीवर लिहून घ्या आणि खाली सही मागा. जो सही करायला कचरतो त्याच्याकडे मशीन ठेवू नका. डिस्कचा सिरियल नंबर आधी फोटोत घ्या. घरचे पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, जमलं तर समोर बसून काम करून घ्या.

पेन ड्राइव्हवर 'पासवर्ड तोडणारं' सॉफ्टवेअर विकणारेही भेटतात. त्यांच्यात काय भरलेलं असेल याचा भरवसा नाही.

१३. फोनवरची 'मदत'

अडलेला माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि हमखास भामट्याच्या हाती लागतो. एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवू देणारं ऍप) टाका, स्क्रीन दाखवा, दहा रुपये भरा असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्टचा माणूस फोनवरून पासवर्ड बदलून देत नाही, तसा त्याला अधिकारच नसतो. पैसे गेलेच तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा, लवकर कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते.

१४. ज्याचं खातं, तो माणूस आता नसेल तर

दुखवट्याच्या दिवसांत घरचे पहिल्या महिन्यातच त्या माणसाचं सिम बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. सगळे कोड त्याच नंबरवर येणार असतात. रिचार्ज करत राहा, पुढे मृत्यू प्रमाणपत्र देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो. गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी जवळच्या नातेवाइकाला विनंती करता येते, तिथेही प्रमाणपत्र लागतं, पण पासवर्ड ते देत नाहीत. मायक्रोसॉफ्टही देत नाही. आणि दोन वर्षं न वापरलेली खाती दोन्हीकडे बंद होऊ शकतात, म्हणून मनाची तयारी झाली की हे काम फार लांबवू नका.

१५. उघडल्यावर, त्याच दिवशी

चहासुद्धा नंतर घ्या. आधी फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा.

मग खातं स्वतःचं करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथे जाऊन आधी लोकल खात्यावर या आणि मग स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जा. त्या खात्याला घरातले दोन नंबर जोडा, एक तुमचा, एक भावाचा किंवा मुलीचा.

बिटलॉकरची ४८ आकड्यांची किल्ली जुन्या खात्यात राहिलेली असते, म्हणून ती नवी करून घ्या. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या आत डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच डिस्कचं कुलूप असतं. ते बंद करा, पूर्ण बंद होईपर्यंत थांबा, यात तास-दोन तास जाऊ शकतात, मध्ये लाइन जाणार नाही अशी वेळ निवडा. मग पुन्हा चालू करा. नवी किल्ली तुमच्या खात्यात येते. वर सांगितलेल्या पानावर जाऊन ती आली का ते डोळ्यांनी बघा.

घरात दुसरं एक ऍडमिनिस्ट्रेटर खातं जरूर ठेवा. विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा बॅकअप घेतलाच आहे तर ११ वर जाता येतं का तेही याच बैठकीत तपासा.

आमच्या नव्या किल्लीचे आकडे बाबांनी स्वतःच्या अक्षरात दोन कागदांवर लिहिले, प्रत्येक गटाखाली बेरजा मांडून. एक कागद नंदनवनच्या घरी लोखंडी कपाटात, घराच्या रजिस्ट्रीच्या पाकिटात आहे. दुसरा मनीषनगरला माझ्याकडे.